सरपटणारे नाव : विसर्प, नागीण आणि 'गुप्तरोग'

रोगाला नाव देणे म्हणजे त्याच्याविषयी पहिले विधान करणे होय. ते विधान कधी रोगाच्या गतीविषयी असते, तर कधी रोग्याच्या चारित्र्याविषयी. या दोन प्रकारच्या नामकरणांतील भेद हा शब्दांच्या इतिहासाचा विषय आहेच. परंतु लैंगिक आरोग्याच्या क्षेत्रात त्याची किंमत माणसांना आपल्या शरीराने मोजावी लागली आहे. हर्पीझ या संसर्गाच्या नावांचा मागोवा घेत हा मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

'हर्पीझ' हा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला. हिपोक्रॅटीसच्या परंपरेतील ग्रंथांत त्वचेवर पसरत जाणाऱ्या व्रणांना उद्देशून तो योजिलेला आढळतो. संस्कृतातील 'सृप्' हा त्याचा सगोत्र धातू. 'सर्प' आणि 'विसर्प' हे शब्द त्यातूनच सिद्ध झाले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विसर्पावर स्वतंत्र अध्याय आहे. विसर्प आणि आजचा हर्पीझ हे एकच रोग नव्हेत. साम्य आहे ते रोगाकडे पाहण्याच्या रीतीत. दोन्ही भाषांनी रोगाची चाल पाहिली आणि तिला नाव दिले. मराठीतील 'नागीण' हा शब्दही याच दृष्टीचा वारसा सांगतो.

वैद्यक नागिणीला 'हर्पीझ झोस्टर' म्हणते. 'झोस्टर' म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टा. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळाले की रोगी दगावतो, ही आपल्याकडील समजूत याच वेढ्याच्या कल्पनेतून आलेली दिसते. प्रत्यक्षात हे पुरळ बहुधा एका मज्जातंतूच्या क्षेत्रात, शरीराच्या एकाच बाजूस उठते. त्यामुळे वेढा सहसा पुरा होत नाही. नागीण उद्भवते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे आणि तिचा लैंगिक संबंधाशी संबंध नाही. 'हर्पीझ सिम्प्लेक्स' हा विषाणू वेगळा. मात्र 'हर्पीझ' हे नाव दोहोंना सामाईक असल्यामुळे चिठ्ठीवरील एका शब्दाने नागिणीचा रोगीही विनाकारण संशयाचा धनी होऊ शकतो. वर्णन करणारे नाव दोषारोप करणारे कसे बनते, याचे हे लहानसे उदाहरण होय.

दोषारोपाची परंपरा अर्थात जुनी आहे. १५३० साली व्हेरोनाचा वैद्य आणि कवी फ्राकास्तोरो याने लॅटिन काव्य रचले. त्यातील सिफिलस नावाच्या मेंढपाळावरून 'सिफिलिस' हे नाव रूढ झाले. मात्र काव्याच्या शीर्षकात रोगाला 'फ्रेंच व्याधी' असेही म्हटले होते. फ्रेंच लोक त्याच रोगाचे पितृत्व नेपल्सकडे देत. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्याला 'फिरंग रोग' म्हटले. प्रत्येक भाषेने रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. तरीही भावमिश्राचे वेगळेपण असे की, नावातून परक्याकडे बोट दाखवतानाच त्याने रोग संसर्गातून जडतो हेही सांगितले.

पुढे मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत 'गुप्तरोग' हा समास स्थिर झाला. येथे रोगाची गती नाही की स्थानही नाही. आहे ती केवळ लपविण्याची आज्ञा. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी याच क्षेत्रात दुसरे टोक गाठले. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली; त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर तशी सक्ती नव्हती. कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण रोगाला स्त्रीचे नाव चिकटले ते चिकटलेच.

या पार्श्वभूमीवर रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या कार्याचे मोल ध्यानात येते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. रूढ शब्द त्यांनी टाकला नाही. पण त्यातील 'गुप्त'पणा मात्र मोडून काढला. १९३४ च्या खटल्यात वादाचा विषय होता वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली; तरीही शिक्षा झाली आणि दंड भरावा लागला. म्हणजे न्यायालयासमोर उभी होती ती भाषाच. वाचकाने विचारावे आणि संपादकाने सरळ मराठीत उत्तर द्यावे, हा व्यवहारच अश्लील ठरविला गेला. मासिक मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले.

कर्व्यांच्या काळी चिंतेचे विषय प्रामुख्याने गरमी आणि परमा हे होते. जननेंद्रियांच्या हर्पीझचे वर्णन फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक याने १७३६ मध्येच केले असले, तरी विषाणूचे दोन प्रकार निश्चित झाले ते १९६० च्या दशकात. १९८२ साली हर्पीझवरील असायक्लोव्हिर या औषधाला अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हर्पीझला आजचे 'स्कार्लेट लेटर' म्हटले. हॉथॉर्नच्या १८५० मधील कादंबरीत व्यभिचाराचे चिन्ह म्हणून नायिकेच्या वस्त्रावर लावलेले अक्षर अशा रीतीने एका विषाणूच्या वाट्याला आले. विज्ञानाने औषध दिले आणि साहित्याच्या स्मृतीतून उसना घेतलेला डाग पत्रकारितेने रोग्याला लावला. सूझन साँटॅग यांनी १९७८ मध्ये रोगाच्या रूपकांविषयी दिलेला इशारा येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

रूपक बाजूला सारले म्हणजे उरते ते साधे ज्ञान. हर्पीझ सिम्प्लेक्स हा त्वचेच्या आणि ओलसर अंतस्त्वचेच्या निकट स्पर्शातून पसरतो. पहिल्या प्रकाराची लागण पुष्कळदा बालपणी, घरच्यांच्या मुक्यातून वा लाळेतून होते. मुखमैथुनातून तो जननेंद्रियांपर्यंतही पोहोचतो. दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो आणि एचआयव्हीच्या लागणीचा धोका वाढवितो. फोड दिसत नसतानाही विषाणू दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून ज्याच्याकडून लागण झाली त्याला स्वतःलाही ती ठाऊक नसणे शक्य असते. निरोधाने धोका कमी होतो, पण न झाकलेल्या त्वचेमुळे तो संपत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून राहतो. औषधांनी त्रास आटोक्यात येतो, विषाणू नाहीसा होत नाही. गर्भारपणाच्या अखेरीस नवी लागण झाल्यास प्रसूतीच्या वेळी बाळाला गंभीर धोका संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांना पहिल्या प्रकाराची, तर १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकाराची लागण होती.

एवढ्या मोठ्या संख्येला 'गुप्त' म्हणणे हा भाषेचाच पराभव आहे. गर्भवती स्त्रीने डॉक्टरला, पतीने पत्नीला, तरुणाने आपल्या जोडीदाराला 'मला हर्पीझ आहे' हे वाक्य सांगता यावे, एवढीच येथे अपेक्षा आहे. 'विसर्प' म्हणणाऱ्यांनी रोगाची चाल पाहिली होती, रोग्याची नव्हे. लैंगिक आरोग्यविषयक जागृतीची मराठी परिभाषा घडविताना ही जुनी दृष्टी आणि कर्व्यांचे ते सरळ उत्तर, दोन्ही उपयोगी पडण्यासारखी आहेत.