गाव सुटले, नाव राहिले

पनवेलकर आडनावाचा गृहस्थ गाठायचा असेल, तर सहसा पनवेलात हिंडू नये. तो ठाण्याला भेटेल, दादरला भेटेल, कदाचित साता समुद्रांपलीकडेही भेटेल. कारण उघड आहे. पनवेलात राहणाऱ्याला पनवेलकर म्हणायचे ठरवले, तर साऱ्या गावालाच ते नाव लावावे लागेल. माणूस गाव सोडतो, परक्या आळीत बिऱ्हाड करतो, आणि शेजारी विचारतात, "आपण मूळचे कुठले?" तेव्हा तो जे उत्तर देतो, तेच पुढे त्याच्या नातवाचे आडनाव होते. आपल्या 'कर' या प्रत्ययात असा गाव सुटल्याचा इतिहास दडलेला आहे.

मी शाळामास्तर असल्यामुळे हजेरीपट हा माझा नित्याचा ग्रंथ. त्यातली आडनावे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नकाशा उलगडतो. एका अक्षराने माणूस जिल्हा बदलतो. पनवेलकर आमच्या खाडीकाठचा, तर पानवलकर रत्नागिरीजवळच्या पानवलचा. 'सूर्य' ही कथा लिहिणारे श्री. दा. पानवलकर पुष्कळांना आठवत असतील. १९८३ सालचा 'अर्धसत्य' हा चित्रपट त्याच कथेवरून निघाला. पण आज मला सांगायची आहे ती याहून दुर्मीळ आडनावांची गोष्ट. ती आडनावे आपल्या रायगड जिल्ह्यातली, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातली, अस्सल मराठी. आणि ती लावणारे आज बहुसंख्येने राहतात इस्रायल देशात.

केहीमकर, नवगावकर, झिराडकर, आवासकर, वाकरूळकर, पेझारकर, अष्टमकर, रोहेकर, पेणकर, राजपूरकर, चेऊलकर, आपटेकर. नुसती मोठ्याने वाचली तरी अलिबागेहून निघून पेण, रोहे करीत पाताळगंगेच्या काठी आपट्यापर्यंत प्रवास होतो. ही बेने इस्रायल समाजाची आडनावे. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. अशी शंभरावर आडनावे त्यांच्यात आहेत, आणि बहुतेकांच्या पोटात कोकणातले एखादे गाव आहे.

त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्याला आणली, ती नवगावलाच पुरली. तिथे आज त्यांचे स्मारक उभे आहे. हे केव्हा घडले, याविषयी कुणी दोन हजार वर्षे म्हणतात, कुणी त्याहून कमी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकतेच्या संशोधनात या समाजाच्या रक्तात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश भरपूर आढळले. म्हणजे गलबताची कथा अक्षरशः खरी असो वा नसो, समुद्रापलीकडून कुणी तरी आले आणि इथल्या मातीत मिसळले, एवढे नक्की.

जे वाचले त्यांच्याजवळ ना पोथी उरली, ना पुरोहित. त्यांनी कोकणात तेलाचा घाणा धरला. पण शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा फिरायचा नाही. गावाने काय करावे? जातीचा कोष उघडून बसण्यापेक्षा त्याने सरळ नाव देऊन टाकले: शनवार तेली. वाचकहो, दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला तेल लावतो, तेव्हा कोकणातल्या कित्येक घरांतले ते तेल पिढ्यान्‌पिढ्या या शनवार तेल्यांच्या घाण्यावरून आलेले असणार, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता ही आडनावे इतकी पुष्कळ आणि प्रत्येक इतके दुर्मीळ का, याचे उत्तर मला त्या घाण्यातच दिसते. लहानशा खेड्याला एक घाणा पुरतो, फार तर दोन. तिसऱ्याने बैल जुंपला तर तिघेही उपाशी राहायचे. तेव्हा थोरला मुलगा बापाच्या घाण्यावर राहिला, तर धाकट्याने पुढचे गाव गाठायचे. असे करीत समाज एका ठिकाणी दाटला नाही. अलिबाग, पेण, रोहे, मुरुड, पनवेल या टापूत घर-दोन घर असा विखुरला. प्रत्येक गावच्या वाट्याला घर एक, म्हणून पुढे प्रत्येक आडनावाच्या वाट्यालाही कुटुंबे मोजकीच आली.

मात्र खेड्यात असेपर्यंत त्यांना आडनावाची फारशी गरज नव्हती. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, एवढ्यावर काम भागे. नावेही कोकणी वळणावर गेली होती. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. आडनाव चिकटले ते मुंबईने हाक मारल्यावर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही मंडळी मुंबईची वाट धरू लागली. कुणी कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले, कुणी सुतारकाम धरले, पुढे कुणी कचेरीत कारकून झाले. शंभर सामाजी आणि शंभर हसाजी एका शहरात जमल्यावर कोण कुठला हे कळावे कसे? मग गाव मदतीला आले.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. इंग्रजांच्या पलटणीत असताना ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटलो तर देवाचे मंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केला, अशी आख्यायिका आहे. ते सुटले, आणि १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. लोक त्याला मशीदच म्हणत. मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळजण मानतात.

मुंबईत शिकलेल्यांनी मग आपल्या मूळ गावांकडे वळून पाहिले. रेवदंडा, अलिबाग, पेण अशा ठिकाणी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनामंदिरे उभी राहिली. आमच्या पनवेलचे 'बेथ एल' १८४९ सालचे. बेथ एल म्हणजे देवाचे घर. त्या काळी पनवेल हे भरभराटीचे बंदर. मुंबईहून होडीने यावे आणि इथून बोरघाटाच्या रस्त्याने पुण्याला जावे, असा वहिवाटीचा मार्ग होता. अशा नाक्यावर चार घरे जास्त स्थिरावली यात नवल नाही.

या समाजाचे मराठीपण वरवरचे नव्हते. त्यांच्या सणांची नावेच पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. हिब्रू पंचांगातल्या तिथी, पण ताटातली खीर आणि बिरडे आपल्याच चुलीवरचे. नवसाला ते मलिदा करतात. त्यात पोहे, नारळ, गूळ आणि फळे. एलिया प्रेषिताच्या नावाने तो वाटला जातो. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तनाचीही परंपरा सुरू केली. विषय बायबलातला, आणि आख्यान मराठीत, आपल्या चालींवर. त्या कीर्तनकारांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे नाव ठळक आहे. अष्टमी म्हणजे रोह्याला चिकटून असलेले गाव. योसेफाची कथा टाळ-मृदंगाच्या संगतीत सांगणारा तो अष्टमकर आपल्याला परका कसा वाटावा?

पुढे ही आडनावे दूरदूर पोचली. कराचीचे 'मागेन शालोम' हे मंदिर १८९३ साली बांधले ते शालोम सॉलोमन उमर्डेकर यांनी. १९८८ साली ते पाडले गेले. मुंबईचे १९३७ चे महापौर डॉ. ई. मोझेस हे राजपूरकर घराण्यातले. महालक्ष्मीकडचा रस्ता त्यांच्याच नावाचा. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवतो ना? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे नाव अंगावर वागवणारा हा नट कॅनडात टोरोंटोला निवर्तला. आणि एरुलकर! गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉ. अब्राहम एरुलकर यांची कन्या लीला ही सायप्रसच्या ग्लाफकोस क्लेरिडेस यांची पत्नी झाली. क्लेरिडेस १९९३ ते २००३ या काळात त्या देशाचे अध्यक्ष होते. कोकणातल्या आडनावाची ही लेक दहा वर्षे एका देशाची प्रथम महिला होती.

पण आडनावांचा सर्वांत मोठा प्रवास १९४८ नंतरचा. इस्रायल राष्ट्र जन्मले तेव्हा भारतात या समाजाची वस्ती सुमारे वीस हजार होती. त्यानंतर कुटुंबामागून कुटुंबे तिकडे गेली. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत वसली. आज भारतात उरलेले ज्यू सारे मिळून चार-पाच हजारांच्या घरात आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

तिकडे जाऊन सारे सुखाचे झाले असे मात्र नाही. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायलांपैकी कुणाचा इतर ज्यूंशी विवाह व्हायचा असेल, तर त्याच्या मातृकुळाची मागे शक्य तितक्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. काय हा दैवाचा खेळ! कोकणात शनिवार पाळतात म्हणून त्यांना सर्वांनी वेगळे ओळखले. आणि जिथे सारेच शनिवार पाळतात तिथे विचारले गेले, तुम्ही खरे आमचे का? त्यांच्या आडनावात बापाचे गाव होते, पण आजीच्या आजीचे नाव कुठे कोरलेले असणार? समाजाने सत्याग्रह मांडला. अखेर १९६४ साली त्यांना सर्व बाबतीत बरोबरीचे ज्यू म्हणून मान्यता मिळाली आणि फर्मानातला त्यांचा खास उल्लेख गेला.

त्या देशात आडनावाची आणखी एक गंमत झाली. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंतही 'आपटेकर' हे आडनाव आहे. तिथे त्याचा अर्थ औषधे विकणारा. तेव्हा तिथे दोन आपटेकर शेजारी राहायला आले, तर एकाच्या पूर्वजाचे कुठल्या तरी थंड मुलखात औषधाचे दुकान असायचे आणि दुसऱ्याच्या पूर्वजाचा आमच्या आपट्याला तेलाचा घाणा. शिवाय हिब्रू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि प व फ यांना अक्षर एकच. ज्याने पेण कधी ऐकले नाही, त्याने पेणकराचा उच्चार कसा करावा हे त्याच्या जिभेवरच सोडलेले बरे.

आणि कित्येकांनी ही आडनावे सोडूनही दिली. मुंबईतच अनेक घरांनी गावाऐवजी आजोबांचे नाव पुढे घेतले. इझिकेल, मोझेस, सॅमसन, रूबेन ही नावे आडनावे झाली. कवी निसिम इझिकेल हे ताळकर घराण्यातले, हे किती जणांना ठाऊक असते? सुटसुटीत नाव घेतले यात दोष काय काढायचा? पण नकाशावरचा एक ठिपका त्याबरोबर पुसला गेला, एवढे खरे.

हाइम सॅम्युएल केहीमकर यांना ही भीती आधीच वाटली असावी. किहीमचे नाव लावणाऱ्या या गृहस्थांनी मुंबईत १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि १८९७ साली समाजाचा मोठा इतिहास लिहून काढला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. तो प्रसिद्ध झाला १९३७ साली, आणि तोही तेल अवीव शहरात! समाज तिकडे जाण्याच्या आधी त्याचा इतिहास तिकडे पोचून वाट पाहत बसला होता.

या आडनावांतली मला सर्वांत भावणारी गोष्ट अशी की, ती जात सांगत नाहीत. दिवेकर हिंदूंत आहेत आणि बेने इस्रायलांतही. तसेच पेणकर, तसेच घोसाळकर, तसेच पनवेलकर. 'कर' प्रत्यय एवढेच बोलतो की हा माणूस अमक्या पाणवठ्याचा. तो देवळात जाई की सिनेगॉगमध्ये, हे विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. जिथे पुढे मातृकुळाचे दाखले मागितले गेले, तिथे आमच्या खेड्यांनी कोणताही कागद न मागता या परक्यांना आपले नाव देऊन टाकले होते.

आज हे लिहावेसे वाटले त्याला निमित्त आमच्याच तालुक्यातले आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी तरघर, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, कोंबडभुजे अशी दहा गावे उठली. तिथल्या माणसांना पाटील, म्हात्रे, ठाकूर अशी आडनावे आधीपासूनच आहेत. गावाचे नाव लावण्याची सवय त्यांना नाही. आणि नव्या वसाहतींत "आपण मूळचे कुठले?" असे विचारायला शेजाऱ्याला सवड नाही. शनवार तेल्यांनी गाव सोडताना त्याचे नाव गाठीला बांधून नेले, म्हणून वाकरूळ आणि झिराड आज भूमध्य समुद्राच्या काठी दारावरच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. तरघरचे नाव कोण नेणार?

दिवाळीत घर भरलेले असते. फराळाच्या ताटाभोवती आजोबा-आजी आणि नातवंडे एकत्र बसतात. तेव्हा मुलांना आडनावाचे गाव विचारावे, ते नकाशावर शोधायला लावावे, आणि आजीच्या माहेरचे गाव विसरू नये. कारण ते कोणत्याच आडनावात लिहिलेले नसते.