फुल्ली-गोळा: ६४ घरं आणि १५०० तास

वही घ्या आणि चार बाय चारचे चार चौकोन शेजारी शेजारी काढा. ते एकावर एक रचलेले चार मजले आहेत असं समजा. आता फुल्ली-गोळा खेळा. आडवी, उभी, तिरकी किंवा मजल्यांमधून वर जाणारी, कुठलीही चारची ओळ आधी पूर्ण करेल तो जिंकला. या खेळाचं नाव क्युबिक.

आपल्या नेहमीच्या फुल्ली-गोळ्यात ९ घरं आणि जिंकण्याच्या ८ ओळी. दोघं नीट खेळले की डाव बरोबरीतच सुटतो. तीन मजल्यांचा तीन बाय तीन खेळ केला, तर पहिला खेळाडू मधलं घर पकडून सहज जिंकतो. म्हणजे तोही फुकट! चार मजल्यांवर मात्र ६४ घरं आणि ७६ ओळी होतात, आणि प्रश्न खरा अवघड होतो: पहिला खेळाडू हमखास जिंकतो का?

अर्धं उत्तर कागदावरच मिळतं. जॉन नॅश यांनी हेक्स या खेळासाठी वापरलेला युक्तिवाद इथेही चालतो. समजा, दुसऱ्याकडे हमखास जिंकण्याची युक्ती आहे. मग पहिल्याने पहिली खूण कुठेही करावी आणि पुढे तीच युक्ती स्वतः वापरावी. जास्तीच्या एका खुणेने नुकसान होत नाही. म्हणजे दोघंही जिंकणार, आणि हे तर अशक्य! म्हणून दुसऱ्याकडे अशी युक्ती असूच शकत नाही.

पण थांबा. यातून पहिला जिंकतो हे सिद्ध झालं का? नाही. तो हरणार नाही, एवढंच झालं. बरोबरीची शक्यता उरतेच. शिवाय नेमकं कसं खेळायचं, हेही कळलं नाही.

ही फट ओरेन पताश्निक यांनी बुजवली. १९८० साली ‘मॅथेमॅटिक्स मॅगझिन’मध्ये त्यांचा लेख आला: पहिला खेळाडू जिंकतो. त्यासाठी संगणकाचे सुमारे १५०० तास लागले. पण कामाची वाटणी बघा. एका ओळीत तीन खुणा झाल्या की समोरच्याला चौथं घर अडवावंच लागतं. अशा सक्तीच्या चालींची साखळी शोधायचं काम यंत्राचं. जिथे सक्ती नाही, तिथली चाल निवडायची माणसाने. अशा २९२९ चाली पताश्निक यांनी निवडल्या.

मग यावर विश्वास ठेवायचा कसा? इतका हिशोब हाताने कोण तपासणार? उत्तर संशोधनातलं नेहमीचंच: दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या रस्त्याने. व्हिक्टर अॅलिस यांनी वेगळ्या शोधपद्धतीने क्युबिक पुन्हा सोडवला. १९९४ सालच्या त्यांच्या पीएच.डी. प्रबंधात ते काम आहे. निष्कर्ष तोच निघाला.

तुम्ही विषय शोधत असाल, तर हे दोन्ही टप्पे लक्षात ठेवा. एक नियम बदलल्यावर प्रश्न सोपाच राहतो की खरंच उघडतो, हे आधी छोट्या आकारावर तपासा. आणि ‘हरत नाही’ एवढंच सिद्ध झालं असेल, तर प्रबंधात ‘जिंकतो’ असं लिहू नका. व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

जाता जाता: लाटेकमध्ये संदर्भयादी करायला तुम्ही जे बिबटेक वापरता, तेही याच पताश्निक यांनी लिहिलेलं आहे.