नॉर्दर्न डान्सर

नॉर्दर्न डान्सर : (२७ मे १९६१–१६ नोव्हेंबर १९९०). कॅनडात पैदा झालेला थरोब्रेड शर्यतीचा घोडा आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रभावी जनक. ओंटारिओ प्रांतातील ओशावा येथे ई. पी. टेलर यांच्या विंडफील्ड्स फार्मवर जन्म. पिता निआर्क्टिक, माता नताल्मा. गुडघ्याच्या दुखापतीमुळे नताल्माला शर्यती सोडाव्या लागल्या आणि पैदाशीचा हंगाम सरत आला असताना तिला घोडा दाखवण्यात आला. त्यामुळे शिंगरू मेअखेरीस, म्हणजे बरेच उशिरा जन्मले. पुढल्या वर्षी टेलर यांनी त्याची किंमत २५,००० डॉलर ठेवली, पण ठेंगणा बांधा पाहून एकही गिऱ्हाईक पुढे आले नाही. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची खांद्यापाशी उंची सुमारे १५७ सेंमी. एवढीच भरली.

होरेशिओ लुरो या ट्रेनरने त्याला घडवले. नामांकित जॉकी बिल शूमेकर याने १९६४ च्या केंटकी डर्बीसाठी त्याला सोडून हिल राइज हा घोडा निवडला. नॉर्दर्न डान्सरवर बिल हार्टॅक बसला आणि त्याने हिल राइजला मानेइतक्या अंतराने हरवले. वेळ दोन मिनिटे. हा विक्रम १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटने मोडेपर्यंत टिकला. ही डर्बी जिंकणारा तो पहिला कॅनडात जन्मलेला घोडा. त्याने प्रीकनेस शर्यतही जिंकली, मात्र बेलमाँट शर्यतीत तो तिसरा आला. टोरांटोची क्वीन्स प्लेट सहज जिंकल्यानंतर पायाची कंडरा दुखावली आणि कारकीर्द थांबली : १८ शर्यती, १४ विजय, पहिल्या तिघांबाहेर एकदाही नाही.

त्याचे खरे मोठेपण यानंतरचे आहे. १९६५ मध्ये त्याची पैदाशीची फी १०,००० डॉलर होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती पाच लाखांवर पोहोचली, तीही शिंगरू जगण्याची हमी न देता. व्हिन्सेंट ओब्रायन या आयरिश ट्रेनरने त्याचे गुण फार लवकर ओळखले. त्याच्या तालमीतला निजिन्स्की हा नॉर्दर्न डान्सरचा पुत्र १९७० मध्ये इंग्लंडचा तीन प्रमुख शर्यतींचा तिहेरी मुकुट जिंकून गेला. तो पराक्रम त्यानंतर कोणत्याही घोड्याला साधलेला नाही. मग नॉर्दर्न डान्सरच्या शिंगरांसाठी लिलावांत चढाओढ लागली. १९८३ मध्ये स्नाफी डान्सर एक कोटी दोन लाख डॉलरना विकला गेला, पण तो एकदाही शर्यतीत उतरला नाही. सॅडलर्स वेल्स, डॅन्झिग, नुरेयेव्ह, लिफार्ड, स्टॉर्म बर्ड हे पुत्र मात्र स्वतः थोर जनक ठरले. सॅडलर्स वेल्सचा पुत्र गॅलिलिओ आणि नातू फ्रँकेल हे याच वंशातले. भारतात उषा स्टडवरील रझीन या नॉर्दर्न डान्सरच्याच पुत्राने अग्रगण्य जनकाचा मान मिळवला.

मृत्यूनंतर नॉर्दर्न डान्सरला ओशावातच पुरण्यात आले. त्याचे रक्त नसलेला उत्तम थरोब्रेड आज क्वचितच आढळतो. एकाच वंशावर भिस्त ठेवल्याने जातीतील वैविध्य आक्रसत चालले आहे. हा दोष त्याचा नसून यशाच्या मागे धावणाऱ्या पैदासकारांचा आहे.