मुद्दल सातशे, व्याज सव्वा लाख

नायगावच्या शाखेत बदलून आलो आणि वर्षभरातच मी विद्वान ठरलो. बी. कॉम. झालेल्या माणसाला हे भाग्य सहसा लाभत नाही. झाले असे की, वाचनालयात दासोपंतांवर बोलायला कुणी मिळेना, आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी माझे नाव सुचवले.

मी समीक्षेची तीन पुस्तके आणली. दोन रात्रींत तयारी! दासोपंतांचा जन्म १५५१, निधन १६१५, कर्मभूमी आपली अंबाजोगाई. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले, तीच प्रसिद्ध 'पासोडी'. आणि गीतेवरचा 'गीतार्णव' म्हणजे सव्वा लाख ओव्या! हा आकडा मी असा काही उच्चारला की, मागच्या बाकावरचे डुलकी घेणारेसुद्धा जागे झाले. टाळ्या पडल्या. जणू त्या ओव्या मीच लिहिल्या होत्या.

आभाराआधी एक माळकरी आजोबा उठले. "साहेब, लई चांगलं बोललात. आता त्यातली एखादी ओवी म्हणा की."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता. पुस्तकांत ओव्या होत्या हो! पण त्या अवघड वाटल्या, म्हणून मी नेमक्या तेवढ्याच गाळल्या होत्या.

बँकेत मूळ चेक पाहिल्याशिवाय मी पाच रुपये देत नाही. इथे सव्वा लाख ओव्या ऐकीव माहितीवर पास केल्या होत्या!

रात्री हिशेब मांडला. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९ हजार. गीतार्णव सव्वा लाख, म्हणजे श्लोकामागे सरासरी सुमारे १७९. त्यावर समीक्षकांची पुस्तके, आणि त्यांवर माझे भाषण. दामदुपटीचा नियम सांगतो, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. पण दासोपंतांना बोल कसा लावणार? त्यांनी गीता वाचून मग टीका लिहिली. या साखळीत न वाचता बोलणारा एकटा मीच.

आठवड्याने आजोबा पासबुक घेऊन काउंटरवर आले. "सापडली का ओवी?"

"आजोबा, आधी गीताच उघडलीय. पहिला अध्याय झाला. मुद्दलातले ४७ फिटले, ६५३ बाकी. मग सव्वा लाख."

आजोबांनी पासबुक पुढे सरकवले. "असू द्या. हप्ता तेवढा चुकवू नका."