कॅमेरा दोन तुमचा

ऑस्टिन, टेक्सास. १९८०च्या दशकातली जुलैची दुपार. डांबर चपलेला चिकटतंय, मानेवरचा घाम थेट पाठीत उतरतोय. समोर केबल टीव्हीवरच्या लोकांच्या चॅनलचा स्टुडिओ आहे. दार ढकला आणि आत या.

गार वाटलं? क्षणभरच. स्टुडिओतले दिवे लागले की छतापासून उष्मा खाली येतो. तापलेली धूळ, करपलेली कॉफी आणि माणसांचा घाम, सगळ्यांचा मिळून एक वास नाकात बसतो. कोपऱ्यात चर्चमधली गाणारी मंडळी झगे सावरत उभी आहेत. एक आजोबा टोमॅटोच्या रोपाची कुंडी मांडीवर घेऊन बसलेत. तीन पोरं गिटार जुळवतायत, त्यांच्या अँप्लिफायरची घरघर तुमच्या दातांपर्यंत पोचते. पलीकडे एक बाई कुठे बघायचं ते आपल्या पाहुण्याला स्पॅनिशमध्ये समजावतेय. इथे वशिला चालत नाही. आधी नाव लिहिलं त्याची पाळी आधी.

नुसतं बघत उभं राहता येणार नाही हं. कॅमेरा दोनवर माणूस नाही. हा हेडफोन घ्या, आधीच्या माणसाच्या कानामुळे अजून गरम आहे. त्यातून आवाज येतो, ‘दोन, जरा डावीकडे.’ तुम्ही फिरवता, कॅमेऱ्याचं धूड कुरकुरतं, कुंडी चौकटीतून निसटते आणि पुन्हा सापडते. लाल दिवा लागला! आता तुम्हाला दिसतंय तेच शहरभर घराघरांत दिसतंय. आजोबा पानं उलटून कीड दाखवतायत, आणि तुमचे हात थरथरतायत.

हा कॅमेरा, हे दिवे, आत फिरणारी ती विटेएवढी यू-मॅटिक व्हिडिओ कॅसेट, याचे पैसे कुठून आले? केबलच्या बिलातून. कंपनी शहराचे रस्ते खणून, शहराच्या खांबांवरून तारा नेते आणि घरटी पैसे गोळा करते. रस्ता सगळ्यांचा, तेव्हा त्याचं भाडं सगळ्यांना मिळायला हवं. १९८४च्या केबल कायद्यानं शहरांना कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घ्यायची मुभा दिली. म्हणजे २० डॉलरच्या बिलामागे फार तर एक डॉलर. सगळीच शहरं तो स्टुडिओवर खर्च करत नाहीत. काही करारांत शहरं लोकांसाठी चॅनल मागून घेतात, वर कॅमेरे आणि स्टुडिओही मागतात. शेजारच्या घरात कुणी बेसबॉल बघायला केबल घेतलं, त्यातल्या चार पैशांवर तुमचे आजोबा कीड दाखवतायत. मला ही व्यवस्था फार न्याय्य वाटते. आणि त्या लोकांच्या चॅनलवर काय दाखवावं, ते ठरवायचा हक्क केबल कंपनीला नाही.

हे सगळं आयतं मिळालेलं नाही. १९७३ साली इथल्या विद्यापीठातल्या पोरांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांना टेप दाखवायचं यंत्र उचलून टेकडीवर, केबलच्या मनोऱ्यापाशी न्यावं लागे. १९७८पासून फ्रँक मॉरो आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डग्लस केल्नर ‘ऑल्टरनेटिव्ह व्ह्यूज’ हा कार्यक्रम करतायत. मोठ्या वाहिन्यांवर ज्यांना खुर्ची मिळत नाही, अशी माणसं त्यात तासभर बोलतात. मध्येच जाहिरात येत नाही, म्हणून वाक्य पुरं होतं.

फोन खणखणतोय. थेट प्रक्षेपण आहे, उचला! पलीकडून एक बाई ओरडून विचारतेय, माव्यावर साबणाचं पाणी चालेल का? आजोबा हसून बादलीचं माप सांगू लागतात. तेवढ्यात दुसरा फोन वाजतो, तिसरा वाजतो, गिटारवाली पोरं घड्याळाकडे बघून चुळबुळतायत, कारण त्यांची पाळी जवळ आलीय.

दिवे मालवतात. शर्ट पिळून काढण्यासारखा झालाय. नोंदणीच्या खिडकीतली मुलगी तुमच्यापुढे कागद सरकवते: कॅमेरा शिकायचा वर्ग, मंगळवारी संध्याकाळी. शहरात राहत असल्याचा पुरावा आणा, विजेचं बिल चालेल. पुढच्या वर्गात दोन जागा आहेत, आणि तुमच्या मागे रांग वाढतेय.