सभागृह ते संग्रहालय : मुंबईतील एका वास्तूविषयी

संग्रहालयात गेलेला प्रेक्षक भिंतींवरील चित्रे पाहतो. त्या भिंती पूर्वी कशाच्या होत्या, हा प्रश्न त्यास सहसा पडत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम हाच प्रश्न विचारावयास हवा.

ही वास्तू म्हणजे जुने सर कावसजी जहांगीर सभागृह होय. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने योजिलेले हे सभागृह १९११ साली पूर्ण झाले. समोरील वस्तुसंग्रहालय व अपोलो बंदरावरील गेटवे ही त्याचीच कामे. राजकीय सभा, संगीताच्या मैफली, लग्नसमारंभ अशा नाना प्रसंगांना या सभागृहाने आसरा दिला. पुढे त्यास अवकळा आली, व दीर्घकाळ चाललेल्या पुनर्रचनेनंतर १९९६ साली ते कलासंग्रहालय म्हणून खुले झाले. आज आत शिरणारास एकावर एक रचलेली अर्धवर्तुळाकार दालने व त्यांना जोडणारा जिना दिसतो. अगदी वरच्या, घुमटाखालील दालनात पोहोचल्यावरच मूळ वास्तूच्या भव्यतेची थोडीबहुत कल्पना येते. चित्रांसाठी जागा निर्माण झाली, पण श्रोत्यांचा तो एकसंध अवकाश नाहीसा झाला. ही किंमत अपरिहार्य होती असे मानले, तरी ती मोजली गेली याची नोंद असावयास हवी.

याहून महत्त्वाचा प्रश्न कालाचा आहे. दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ साली जयपूर हाउसमध्ये स्थापन झाले. मुंबईचे त्यानंतर तब्बल ४२ वर्षांनी. वस्तुतः सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७ साली मुंबईतच जन्मास आला होता. सूझा १९४९ मध्ये लंडनला व रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. ज्या वर्षांत नवी कला या शहरात घडत होती, नेमक्या त्याच वर्षांत ती सार्वजनिक मालकीने जतन करणारे असे संग्रहालय येथे नव्हते. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनाने चित्रकारांना प्रदर्शनाची हक्काची जागा दिली, हे उपकार थोडे नव्हेत; परंतु प्रदर्शन संपले की चित्रे तेथून निघून जात.

ही उणीव अंशतः भरून काढली ती एका विज्ञानसंस्थेने, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी समकालीन चित्रकारांच्या कृती त्या ताज्या असतानाच विकत घेतल्या. परंतु तो संग्रह संस्थेच्या आवारातला. रस्त्यावरून सहज आत शिरणाऱ्या नागरिकासाठी तो नव्हे. परिणामी मुंबईच्या आधुनिक कलेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आजही दिल्लीचा संग्रह, संस्थांचे संग्रह आणि खाजगी दिवाणखाने यांमधून वाट काढावी लागते. गायतोंडे यांचेच उदाहरण घ्यावे. १९४८ साली सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतलेल्या या चित्रकाराचे मोठे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन २०१४ साली भरले, ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात.

तेव्हा विद्यार्थ्यांनी या वास्तूस भेट द्यावी ती दोन वह्या घेऊन : एक चित्रांसाठी, दुसरी सभागृहासाठी. आणि आरंभ घुमटापासून करावा; जिना उतरताना दोन्ही वह्या भरत जातात.