देश कसा सांगायचा?

परक्या माणसाने विचारलं, तुझा देश कसा आहे, की आपल्याकडे उत्तर तयार असतं. हिमालय, गंगा, ताजमहाल, गांधी, अलीकडे योग. आणि बुद्ध तर हमखास. ज्यांना गावातलं विहार डोळ्यांत सलतं, तेही विमानातून उतरले की बुद्धाच्या देशातून आलो म्हणून सांगतात. फोल्डिंग खात्यात ताका उलगडताना वरचे चार वार चकचकीत असले म्हणून कुणी पास करत नाही. पुढे उजेडात धरतात, मग भोकं दिसतात. देशाच्या बाबतीत मात्र वरच्या चार वारांवरच काम भागवायचं, असा रिवाज.

आतला ताका जगापुढे उलगडला तो आपल्या माणसांनी. दोस्तहो, हा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि आपल्याला तो तुकड्या-तुकड्यांनी माहीत असतो.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली. ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मोकळं केलं त्यांना. पुण्यात बसून हा माणूस समुद्रापलीकडे सांगतोय, तुमच्याकडचं संपलं, आमच्याकडचं चालू आहे.

मग ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकर जातीवर निबंध वाचतात. वय २५. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं आज आहे तेवढंच. निबंधात स्वतःवर गुदरलेलं काही सांगत नाहीत. बंद मशीनचं झाकण काढून चाक कुठल्या दात्यावर फिरतं ते दाखवावं, तसं दाखवतात. जातीतल्या जातीत लग्न, हा मुख्य दाता. तो चालू राहावा म्हणून मागे उरलेल्या बाईचं काय करायचं? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. उरलेल्या पुरुषाला बायको कुठून आणायची? पोरीचं लग्न बालपणीच. ज्या रूढींची संस्कृती म्हणून आरती ओवाळली जायची, त्या जात टिकवायची हत्यारं आहेत, हे परक्या देशातल्या वर्गात सांगितलं गेलं.

२० नोव्हेंबर १९३०, लंडन, गोलमेज परिषद. बाबासाहेबांबरोबर मद्रासकडचे रावबहादूर श्रीनिवासन होते, त्यांचं नाव आपण फारसं घेत नाही, घ्यायला हवं. बाबासाहेबांनी इंग्रजाला त्याच्याच मापाने मोजून दाखवलं: आम्ही ब्रिटिश हिंदुस्थानचा पाचवा हिस्सा, तुमच्या इंग्लंडमध्ये किंवा फ्रान्समध्ये माणसं आहेत तितके. आणि तोंडावर विचारलं, तुम्ही यायच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी नव्हतं, तुम्ही आल्यावर मिळालं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? पोलिसात घेत नव्हते, आता घेता का? एका दगडात सनातनी आणि साहेब, दोघेही.

आता १९४६ सालाकडे नीट बघा. त्या वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विद्वान नेते ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक आपली कैफियत संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेताहेत असं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांनीही ती वाट धरावी असा विचार चालू होता. ३१ जुलैला उत्तर आलं, सहानुभूतीचं.

त्याच साली हिंदुस्थान सरकारही राष्ट्रसंघात तक्रार घेऊन उभं राहिलं. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसाला वेगळं टाकतात, जमीन घेऊ देत नाहीत, ही तक्रार. आफ्रिकेचं सरकार म्हणालं, हा आमच्या घरातला मामला, तुम्ही कोण? विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. ८ डिसेंबरला आमसभेने ठराव केला, हिंदुस्थानच्या बाजूने. माणसाला माणूस म्हणून न वागवणं हा कुणाच्या घरातला मामला नाही, हे जगाकडून मान्य करून घेतलं ते आपल्याच देशाने. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबासाहेबांनी राष्ट्रसंघासाठी अहवाल तयारही केला होता. पण दिला नाही. घटना समितीला, पुढच्या पार्लमेंटला संधी द्यावी, असं त्यांना वाटलं. हे त्यांनीच १९५१ साली मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात सांगितलंय. मोठ्या मनाने थांबलेला माणूस, आणि राजीनामा देताना ती गोष्ट त्याला सांगावीशी वाटते. मला तरी त्यात कडवटपणा ऐकू येतो.

१९६५ साली वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कशाकशावरून भेद करायचा नाही याची यादी करताना वंश, रंग यांच्या जोडीला 'डिसेंट' हा शब्द घातला गेला. डिसेंट म्हणजे कूळ, जन्माने चिकटलेलं. तो घालायची सूचना कुणाची? भारताची. १९६८ साली भारताने करारावर शिक्कामोर्तबही केलं.

ऑगस्ट १९८३ मध्ये भगवान दास जिनिव्हाला गेले. बाबासाहेबांजवळ काम केलेला माणूस. मानवी हक्कांच्या उपआयोगापुढे त्यांनी अस्पृश्यतेवर साक्ष दिली. न दिलेला अहवाल असा उशिराने का होईना, तोंडी पोचला.

१९९६ साली भारत सरकारने करारावरच्या समितीला कळवलं, डिसेंट म्हणजे वंशच, जातीचा इथे संबंध नाही. स्वतः घातलेला शब्द! समितीने ऐकलं नाही. २००१ मध्ये वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली, ती नेमकी दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला. दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले. सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या घटनेत बंदी आहे, हा आमचा अंतर्गत प्रश्न. १९४६ ला आफ्रिकेचा गोरा जे बोलला तेच, आणि तेही आफ्रिकेच्या भूमीवर. अखेरच्या जाहीरनाम्यात जात हा शब्द आलाच नाही.

पण २००२ मध्ये समितीने सामान्य शिफारस क्रमांक २९ काढून लिहून टाकलं, डिसेंटमध्ये जात येते. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत म्हणाले की अस्पृश्यतेला तुलना फक्त अपार्थाइडची. फेब्रुवारी २००७ मध्ये जिनिव्हात त्यांचंच शिष्टमंडळ जुनी टेप वाजवत होतं. घरात एक, शेजाऱ्याकडे दुसरं.

सरकारचा अहवाल समितीपुढे येतो तेव्हा संघटनाही आपला वेगळा अहवाल पाठवू शकतात. २००७ मध्ये पाठवले होते. त्यात विशेषणं चालत नाहीत. गाव कुठलं, तालुका कुठला, तारीख काय, पाणवठा कुणी बंद केला, फिर्याद घेतली की परत पाठवलं, ॲट्रॉसिटीचं कलम लावलं की नाही, खटला कुठल्या कोर्टात, किती वर्षं. मोर्चाचं पत्रक आपण एका रात्रीत काढतो. ही वही मात्र प्रत्येक तालुक्यात रोजच्या रोज लिहावी लागते.